वास आलेल्या दुधाची कुळकथा

अंगावरचे दूध काढावे, ते बाटलीत भरून पुढील वेळेकरिता राखून ठेवावे, ही कल्पना आपल्या आज्या-पणज्यांस विचित्रच वाटली असती. आई आणि आईचे दूध ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येतात हेच त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका मराठी घरांत पोराटोरांसही ठाऊक असते. गडाचे दरवाजे मिटले, तरी ती बाई कडा उतरून घरी गेली. कारण तिच्यावाचून त्या तान्ह्याची भूक भागविण्यास दुसरा मार्ग नव्हता. आज मुंबई-पुण्याकडील कचेरीत जाणारी आई सकाळी दूध काढून शीतकपाटात ठेवते, आणि दुपारी आजी किंवा सांभाळणारी बाई ते बाळास पाजते. कायद्याने मिळणारी बाळंतपणाची पगारी रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची झाली. ती संपत आली म्हणजे कित्येक घरांत हा बाटल्यांचा व्यवहार सुरू होतो.

मग एखाद्या दिवशी बाटलीचे झाकण उघडताच साबणासारखा वास येतो. कधी तो खवटलेल्या खोबऱ्यासारखा, कधी धातूच्या भांड्यासारखा, तर क्वचित माशासारखाही असतो. दूध दिसावयास चांगले असते, फाटलेले नसते, ठेवल्याला दोन दिवसही झालेले नसतात. तरी वडील मंडळी ‘नासले’ म्हणून ते मोरीत ओतून देतात. अर्धा-पाऊण तास बसून काढलेले दूध असे वाहून गेलेले पाहणे त्या बाईस किती जड जाते, हे तिचे तिलाच ठाऊक. परंतु त्याहूनही कठीण असते ते त्यामागून येणारे वाक्य, ‘हिच्या दुधातच काही दोष आहे.’ दूध जाते ते एका वेळेचे; हा ठपका मात्र राहतो, आणि त्याच्या धाकाने अंगावर पाजणेच बंद झाल्याची उदाहरणे वैद्यकीय व्यवसायातील मंडळींस अपरिचित नाहीत.

ह्या ठपक्याची कुळकथा पुष्कळ जुनी आहे. ती समजून घेतली तर दूध ओतून देणारा हात पुष्कळदा थांबेल.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी आईच्या दुधाची परीक्षा फार काळजीपूर्वक लिहून ठेवली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात उत्तम दुधाचे लक्षण दिले आहे: त्याचा वर्ण, गंध, रस आणि स्पर्श हे स्वाभाविक असावेत, आणि पाण्याच्या भांड्यात पिळले असता ते पाण्याशी एकजीव व्हावे. सुश्रुतानेही पाण्याचीच परीक्षा सांगितली. चांगले दूध थंड, पातळ, निर्मळ आणि शंखासारखे पांढरे असते. पाण्यात त्याला फेस येत नाही, तंतू सुटत नाहीत, ते वर तरंगत नाही आणि तळाशीही बसत नाही. चरकाच्या चिकित्सास्थानात दुधाचे आठ दोष मोजले आहेत आणि ते वात, पित्त, कफ ह्यांच्या खात्यावर वाटून दिले आहेत. बेचव दूध, फेसाळ दूध, रूक्ष दूध हे वाताचे. रंग बिघडलेले आणि दुर्गंधी दूध हे पित्ताचे. अति स्निग्ध, बुळबुळीत व जड हे कफाचे. दुर्गंधी दूध प्याल्याने बाळास पांडुरोग व कावीळ होते, असेही तेथे म्हटले आहे. उपाय अर्थातच दूध देणारीवर करावयाचे. औषध, पथ्य, शोधन, सारे तिला.

रोमच्या साम्राज्यात दुसऱ्या शतकात सोरेनस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. तो मूळचा एफेसस नगराचा. स्त्रियांच्या विकारांवरील त्याच्या ग्रंथात दूधआई कशी निवडावी ह्याचे सविस्तर प्रकरण आहे. दुधाचा थेंब नखावर किंवा एखाद्या पानावर टाकावा, तो किती पसरतो ते पाहावे, रंग पाहावा, चव पाहावी, वास घ्यावा. तिने कांदा-लसूण टाळावा, असेही पथ्य तो सांगतो. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतले हे विचार आणि सोरेनसचे हे नियम शेजारी ठेवले म्हणजे दोन दूरच्या देशांतील वैद्यांचे नाक एकाच गोष्टीकडे वळले होते हे पाहून मौज वाटते.

ह्या परीक्षांस हसण्याचे कारण नाही. त्या काळी श्रीमंतांच्या घरी परक्या स्त्रीचे दूध मुलास पाजीत. त्या स्त्रीची प्रकृती कशी आहे हे बाहेरून पारखण्यास डोळे, जीभ आणि नाक ह्यांपलीकडे साधन नव्हते. परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक तर ही सारी परीक्षा ताज्या, त्याच क्षणी काढलेल्या दुधाची होती. कालचे दूध पारखण्याचा प्रसंगच कोणावर आला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक दुःखाची. परीक्षेत जी नापास होई ती दूधआई चाकरीवरून जाई. आणि असल्या चाकरीवर येणाऱ्या गरीब बायका कित्येकदा आपले स्वतःचे मूल दुसरीकडे ठेवून आलेल्या असत. वास वाईट म्हणजे बाई वाईट, हे समीकरण येथे पक्के झाले. पुढे दूधआई गेली, चाकरी गेली, वैद्यांचे ते सिद्धांतही मागे पडले. समीकरण मात्र घरांतून तसेच राहिले.

ते ज्या विद्येने उलगडले तिचा आरंभ बाळंतिणीच्या खोलीत झाला नाही, साबणाच्या कढईपाशी झाला. मिशेल यूजीन शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारला. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्याने रंगांवर, मेणबत्त्यांवर आणि कितीतरी गोष्टींवर काम केले. पण १८२३ साली प्रसिद्ध झालेला प्राणिज चरबीवरील त्याचा ग्रंथ हे त्याचे मुख्य स्मारक होय. साबण तयार होताना कढईत नेमके काय घडते हे तोपर्यंत कोणास नीट ठाऊक नव्हते. शेव्ह्रलने दाखविले की, चरबी हा एकजिनसी पदार्थ नाही. ग्लिसरीन आणि निरनिराळी स्निग्धाम्ले ह्यांच्या बांधणीतून ती बनते. क्षाराने ही बांधणी सुटते आणि सुटलेल्या आम्लांचा साबण होतो. लोण्यातून त्याने एक आम्ल वेगळे काढले, त्याला लोण्यावरूनच नाव मिळाले. दुसऱ्या दोहोंची नावे बकरीवरून पडली, कारण त्यांचा वास तसा होता. बांधलेली असतात तोवर ही आम्ले गप्प असतात, सुटली की नाकाला कळतात.

कोकणातल्या माणसास हे लौकर पटावे. खोबरेल तेलातील आम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक नावाचे आम्ल असते, आणि खोबरेलाचा साबण चांगला होतो तो पुष्कळ अंशी त्याच्यामुळे. हेच लॉरिक आम्ल आईच्या दुधाच्या स्निग्धांशातही थोड्या प्रमाणात असते. ते बांधणीतून सुटले म्हणजे दुधाला साबणासारखा वास येतो. तेव्हा बाटली हुंगून ‘साबणाचा वास येतो’ असे म्हणणारी आजी अगदी खरे बोलत असते. बाटली नीट धुतली गेली नाही, असा जो पुढचा तर्क ती करते तो मात्र चुकतो.

पण शीतकपाटात ना क्षार, ना कढई. मग तेथे ही बांधणी कोण सोडवितो? ह्याचे उत्तर मिळण्यास आणखी दीडशे वर्षे लागली. पहिले पाऊल क्लॉद बर्नार्डने टाकले. सशाच्या आतड्यात स्वादुपिंडाची नळी पित्ताच्या नळीपेक्षा बरीच खाली उघडते, आणि खाल्लेली चरबी तिच्या पुढेच बदललेली दिसते, हे त्याच्या नजरेस आले. त्यावरून स्वादुपिंडाचा रस चरबी फोडतो असे त्याने १८४९ साली सिद्ध केले. साबण करणारा जे काम कढईत करतो तेच काम शरीर न तापविता, अगदी शांतपणे करते. अशा द्रव्यास पुढे लायपेज हे नाव मिळाले; मराठीत त्याला स्निग्ध पदार्थ फोडणारे पाचकद्रव्य म्हणावे.

१९०१ साली पॅरिसचे बालवैद्य आंतोनँ मार्फान ह्यांनी आईच्या दुधात असेच पाचकद्रव्य असल्याचे सांगितले. शरीराच्या सांगाड्याच्या एका विकाराला ज्यांचे नाव मिळाले आहे तेच हे मार्फान. त्यांच्या म्हणण्याचे महत्त्व त्यांच्या काळी फारसे कोणास वाटले नाही. नवजात बालकाचे स्वादुपिंड अजून पुरते कामास लागलेले नसते; आणि त्याचे अन्न मात्र स्निग्धांशाने भरलेले असते. ते पचवावे कसे? शिदोरीबरोबर ती पचविण्याचे साधनही आईच पाठविते, असा मार्फान ह्यांच्या विचाराचा रोख होता.

ह्याच सुमारास दुसरी एक गोष्ट स्वतंत्रपणे वाढत होती, ती म्हणजे दूध साठविण्याची. थिओडोर एशरिक ह्या बालवैद्याने १८८५ साली अर्भकांच्या मळातून एक जंतू शोधून काढला होता. तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. बाळांच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास करता करता आईच्या दुधाचे मोल त्याला पुरते पटले, आणि १९०९ साली व्हिएन्ना येथे त्याने आईच्या दुधाची पहिली पेढी उघडली. दुसऱ्या वर्षी अमेरिकेत बॉस्टन येथे तशीच खटपट सुरू झाली. जर्मनीत डॉ. मारी-एलिझे कायझर ह्या बाईंनी १९१९ साली माग्डेबुर्ग येथे दूध गोळा करण्याचे केंद्र काढले. महायुद्धाने खंगलेल्या त्या देशात ह्या उपक्रमाची किती निकड होती ते निराळे सांगावयास नको.

सामान्य लोकांच्या मनात ह्या कामाने घर केले ते मात्र दोन अद्भुत बाळंतपणांमुळे. १९३४ च्या २८ मे रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात दिओन नावाच्या शेतकरी कुटुंबात एकाच वेळी पाच मुली जन्मल्या. दिवस पूर्ण भरलेले नव्हते. पाचींचे वजन मिळून सुमारे १३ पौंड, म्हणजे सहा किलोंच्या आसपास. त्या वाचतील असे कोणासही वाटले नव्हते. टोरांटोसारख्या दूरच्या शहरांतून अनोळखी आयांचे दूध रेल्वेने त्या खेड्याकडे जाऊ लागले आणि पाचही मुली जगल्या. पुढे त्यांचे जे प्रदर्शन मांडले गेले तो अध्याय लाजिरवाणा आहे, पण तो येथला विषय नव्हे. १९३५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये सेंट नीऑट्स येथे चार बाळे एकदम जन्मली. त्यांच्यासाठी लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयातून दूध गेले. त्या अनुभवानंतर १९३९ साली त्या रुग्णालयात दुधाची कायम पेढी सुरू झाली, आणि त्यात मेट्रन एडिथ डेअर ह्यांचा पुढाकार होता.

ह्या पेढ्यांतून दूध बहुधा तापवीत, कारण जंतूंची भीती मोठी होती. तापविल्याबरोबर पाचकद्रव्य मरते. साहजिकच वास येण्याचा प्रश्न तेथे फारसा उभा राहिला नसावा. बॉस्टनचे पॉल एमर्सन आणि त्यांचे सहकारी वॉशिंग्टन प्लॅट ह्यांनी १९३३ साली दूध गोठवून ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. घरोघर शीतकपाटे येण्यास अजून अवकाश होता.

दूध काढण्याच्या यंत्रांचीही अशीच संथ वाटचाल झाली. अमेरिकेत अशा पंपाचे पहिले पेटंट १८५४ सालचे. विजेवर चालणारा पंप शिकागोच्या डॉ. आयझॅक ॲब्ट ह्यांनी १९२३ च्या सुमारास रुग्णालयात वापरला. स्वीडनमधील आयनार एग्नेल ह्या अभियंत्याने १९५६ साली अंगास न दुखविणारा पंप तयार केला. घरी वापरावयाचे विजेचे पंप बाजारात आले ते १९९० नंतर. म्हणजे न तापविलेले दूध घरी काढून घरच्याच थंडीत आठवडेच्या आठवडे ठेवणे, ही रूढी फार तर एका पिढीची. हजारो वर्षांत कोणाच्या नाकाला न आलेला वास ह्या एका पिढीला येऊ लागला, आणि त्याचा अर्थ लावताना तिने जुनेच समीकरण पुढे ओढले.

इकडे शास्त्र थांबले नव्हते. एर्न्स्ट फ्रॉइडेनबर्ग हे जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात बालवैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या असल्यामुळे नाझी राजवटीत १९३७ साली त्यांना ते पद सोडावे लागले. पुढल्या वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझेल नगराने त्यांना आश्रय दिला. तेथेच १९५३ साली आईच्या दुधातील लायपेजवर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. ह्या दुधात एक असे पाचकद्रव्य आहे की, पित्तातील क्षारांचा स्पर्श होताच ते जागे होते, म्हणजे बाटलीत स्वस्थ बसते आणि बाळाच्या आतड्यात पोचल्यावर कामास लागते, हे त्यांनी ओळखले. देशांतर करावे लागलेल्या ह्या वृद्ध वैद्याच्या पुस्तकाकडेही वीस वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. १९७४ साली स्वीडनच्या उत्तरेस ऊमिओ येथे ओले हर्नेल आणि टुमास ऊलिव्हक्रूना ह्यांनी ते द्रव्य शुद्ध करून त्याचे गुणधर्म तपासले, आणि मार्फानपासून निघालेला धागा शेवटास पोचला.

येथे एक बारकावा आहे. आईच्या दुधात चरबी फोडणारी द्रव्ये एक नव्हे, दोन सापडली. पहिले हे पित्ताने जागे होणारे. दुसऱ्याचे खरे काम दुधात नसून स्तनातच असते. रक्तातून वाहत आलेली चरबी उतरवून घेऊन ती दुधासाठी उपलब्ध करून देणे, हा त्याचा धंदा. ते करताना त्याचा काही अंश दुधातच उतरतो. गवंडी घर बांधतो आणि थोडा चुना अंगणात सांडतो, तसे. थंडीत ठेवलेल्या दुधातील चरबी सुटते ती मुख्यतः ह्या दुसऱ्याच्या हातून, असे कास्टबर्ग आणि हर्नेल ह्यांनी १९७५ साली मांडले. पण एक पाचक आणि दुसरे बांधकाम्या असले, तरी दोन्ही दूध तयार होण्याच्या निरोगी क्रियेतूनच आलेली असतात. कोणाच्या दुधात ती अधिक जोमाने काम करतात, कोणाच्या कमी. म्हणून एकीच्या दुधास एका दिवसात वास येतो, तर दुसरीचे महिनाभर तसेच राहते. ह्यात आईच्या आहाराचा, आचाराचा किंवा स्वच्छतेचा काही अपराध नाही.

गोठविल्यानेही हे काम पुरते थांबत नाही. १९८३ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील जोएल बिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शून्याखाली २० अंशांवर ठेवलेले दूध तपासले. त्यातही चरबी हळूहळू फुटतच होती. शून्याखाली ७० अंश इतक्या कडाक्यातच ते दूध स्थिर राहिले. घरच्या शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा साधारण शून्याखाली १८ अंशांचा असतो. तेव्हा तेथे ठेवलेल्या दुधाला महिन्याने साबणासारखा वास आला, तर कपाट बिघडले असे समजू नये.

त्याच १९८३ साली आणखी एक शोध लागला, आणि तो ह्या सुटलेल्या आम्लांची बाजू घेणारा होता. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस गिलिन ह्या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी परीक्षानळीत आईचे दूध आणि जिआर्डिया नावाचा आतड्यातील उपद्रवी परोपजीवी एकत्र आणले. परोपजीवी मेला. जंत व हगवण ह्यांच्याशी परिचय असलेल्या आपल्या देशास ही बातमी लहान नव्हे. तो मरतो तो पित्ताने जाग्या होणाऱ्या पाचकद्रव्याने चरबीतून सोडविलेल्या आम्लांमुळे, हे पुढील कामातून स्पष्ट झाले. नाकास जी आम्ले नकोशी होतात त्यांच्याच जातीची आम्ले बाळाच्या आतड्यात पहारा करतात.

सगळेच वास मात्र ह्या एका घराण्यातले नाहीत. खवट, धातूसारखा किंवा माशासारखा वास असेल तर चरबीवर हवेतील प्राणवायूचा परिणाम झालेला असण्याचा संभव असतो. जर्मनीत श्पित्सर आणि ब्यूट्नर ह्या संशोधिकांनी २०१० साली शून्याखाली १९ अंशांवर ठेवलेल्या आईच्या दुधाच्या गंधाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात सुटलेली आम्ले आणि प्राणवायूने बिघडलेल्या चरबीचे अंश असे दोन्ही प्रकार आढळले. पाण्यातील लोह किंवा तांबे, बाटलीत उरलेली हवा आणि ऊन ह्यांनी ही दुसरी क्रिया वाढते. येथे दूध तापवून उपयोग होत नाही. उलट नुकसान होते. झाकण घट्ट लावणे आणि उजेडापासून दूर ठेवणे हाच मार्ग.

ताज्या दुधालाही आईच्या जेवणाचा वास लागतो, हे सोरेनसचे म्हणणे खरे निघाले. त्यावरून त्याने काढलेले पथ्य मात्र टिकले नाही. फिलाडेल्फियात ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाम्प ह्यांनी १९९१ साली आयांना लसणाचा अर्क दिला. काही तासांत दुधाला लसणाचा वास आला, आणि बाळांनी तोंड फिरविण्याऐवजी ती अंगाशी अधिक वेळ राहिली. मेथीचे आणि डिंकाचे लाडू खाणाऱ्या आपल्या बाळंतिणींस हे ऐकून हसू येईल.

मग दूध टाकावे केव्हा? वास आंबूस, नासलेल्या गाईच्या दुधासारखा असेल, किंवा ठेवण्याची मुदत उलटून गेली असेल, तर ते निःशंक टाकावे. आज सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी मुदत अशी: काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, शीतकपाटात चार दिवस, बर्फाच्या कप्प्यात शक्यतो सहा महिने. वैशाखातले मुंबईचे किंवा नागपूरचे घर २५ अंशांचे नसते, ही गोष्ट ते नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावी. तेथे काढल्याबरोबर थंडीत ठेवणे हेच बरे. दार वारंवार उघडते, म्हणून दारातल्या फळीवर न ठेवता आत मागील बाजूस ठेवावे, बाटलीवर तारीख घालावी, जुने आधी वापरावे. गोठलेले दूध वितळले की चोवीस तासांत संपवावे, पुन्हा गोठवू नये. पाजण्यापूर्वी बाटली कोमट पाण्यात धरावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध कोठे गार, कोठे कढत होते आणि बाळाचे तोंड पोळते.

साबणासारखा वास असलेले आणि मुदतीत असलेले दूध पाजण्यास हरकत नाही. पुष्कळ बाळे ते निमूटपणे पितात. जे पीत नाही त्याच्यासाठी दोन उपाय आहेत. ताज्या दुधात मिसळून पाहावे. तेही न जमल्यास पुढील दूध काढल्याबरोबर पातेल्यात मंद आचेवर ठेवून, कडेने बारीक बुडबुडे दिसू लागताच, उकळू न देता उतरावे, भांडे गार पाण्यात ठेवून झटपट निववावे आणि मग गोठवावे. पाचकद्रव्य मरते, वास येत नाही. ह्यात दुधातील काही रोगप्रतिबंधक अंशही जातात, म्हणून सरसकट सगळेच दूध तापवीत बसू नये. आधी थोडे दूध ठेवून वास किती दिवसांनी येतो ते पाहावे. पाच दिवसांनी येत असेल तर तिसऱ्या दिवशीच वापरून टाकावे, म्हणजे प्रश्नच मिटला. एकदा आलेला वास तापवून जात नाही. बाळ आजारी किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर मात्र ह्या सर्व गोष्टी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कराव्यात.

ह्या इतिहासाची एक महत्त्वाची पायरी मुंबईत आहे. १९८० नंतरच्या दशकात एड्सचा विषाणू आईच्या दुधातून जाऊ शकतो असे कळले, आणि पाश्चात्त्य देशांतील कितीतरी पेढ्या भराभर बंद झाल्या. अशा उलट्या वाऱ्यात १९८९ च्या २७ नोव्हेंबरला शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी आशियातील पहिली दूधपेढी सुरू केली. रुग्णालयाच्या शेजारीच धारावीची दाट वस्ती. अपुऱ्या दिवसांची, हातभरही नसलेली बाळे तेथे नित्य येत. पेढीचे नाव ठेवले ‘स्नेह’. चरकाच्या यादीत स्नेह हा दुधाचा दोष म्हणून नोंदलेला आहे, तेलकटपणा ह्या अर्थी. मराठीत त्याच शब्दाने माया कळते. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे दोन्ही अर्थ होते की नाही कोण जाणे, पण नाव अचूक पडले खरे.

अशा पेढ्यांत दात्या आयांची रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवून थंड करतात, जंतू उरले नाहीत ह्याची खात्री करून घेतात आणि शून्याखाली २० अंशांवर ठेवतात. विषाणू त्या उष्णतेने मरतो. दोन्ही पाचकद्रव्येही मरतात. म्हणून पेढीच्या दुधाला पुढे साबणासारखा वास सुटत नाही. आणि म्हणूनच ते पिणाऱ्या दुबळ्या बाळास आईने पाठविलेला पाचक मदतनीसही मिळत नाही.

ही उणीव भरून काढावी म्हणून ते पाचकद्रव्य प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. ते तापविलेल्या दुधात आणि कृत्रिम दुधात मिसळून अपुऱ्या दिवसांच्या बाळांस देण्याचा मोठा प्रयोग युरोपात झाला, आणि त्याचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या लहान प्रयोगांनी आशा दाखविली होती. परंतु ह्या वेळी बाळांच्या एकंदर वाढीत फरक पडला नाही. तेव्हा रुग्णालयांतील क्रम अजून पूर्वीचाच आहे. प्रथम सख्ख्या आईचे ताजे दूध, ते नसल्यास तिचेच राखून ठेवलेले, आणि तेही नसल्यास पेढीचे.